कात्रज ते सिंहगड: जूनच्या पहिल्या पंधरवड्यात डोंगरधारेवरची दिवसाची चाल कशी करावी

कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंतची डोंगरधार ही पुण्यातल्या पुष्कळांची पावसाळ्यातली पहिली वाट असते. ती शहराला लागून आहे, दोन्ही टोकांना डांबरी रस्ता आहे, वाट जशी घ्यावी त्याप्रमाणे अंतर साधारण १३ ते १६ किलोमीटर भरते आणि कुठेही दोर लावावा लागत नाही. त्यामुळे या वाटेसाठी काही तयारी लागते असे कुणाला वाटत नाही. मृग लागला की दरवर्षी त्याच चुका पाहायला मिळतात: नऊ वाजता सुरुवात, माणशी एक लिटर पाणी, पायात नवे कोरे बूट, हातात छत्री आणि ढग गडगडू लागल्यावर धारेवरच उभे राहून चाललेला खल.

या सगळ्यामागचे कारण एकच आहे. लोक पावसाची तयारी करून येतात, पण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात या धारेवर पावसाचा त्रास सर्वांत कमी असतो. सकाळी दहालाच तिथे मे महिन्याचे ऊन असते, गवत वाळलेले किंवा वणव्यात जळालेले असते, ओढे कोरडे असतात आणि दुपारनंतर वळवाचे ढग चढतात. मनात जी हिरवी वाट असते ती जुलैची असते. म्हणून पुढचा सगळा क्रम पाणी, वेळ, घसारा (सुट्या मुरमाचा निसरडा उतार) आणि विजा यांना धरून लावला आहे. पौर्णिमेच्या रात्री ही धार चालण्याची पद्धत आहे, पण हा लेख केवळ दिवसाच्या चालीसाठी आहे.

## १. दिवस ठरवणे

रविवार मोकळा आहे म्हणून रविवार ठरवू नये. आधी तीन दिवसांचा अंदाज पाहावा. भारतीय हवामान विभागाचे जिल्हावार इशारे रंगांत असतात. पुणे जिल्ह्यासाठी विजांसह वादळी पावसाचा पिवळा इशारा असेल, तर पहाटे निघून दुपारी एकच्या आत धार सोडता येणार असेल तरच जावे. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर दिवस बदलावा, त्यात तडजोड करू नये. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आपल्या आसपास कुठे वीज पडत आहे ते दाखवते. ते आदल्या दिवशीच उतरवून, स्थानाची परवानगी देऊन, उघडून पाहावे. डोंगरावर नेटवर्क एका टेकडीवर असते आणि पुढच्या खिंडीत नसते.

आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी लागते. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन आणि वनविभाग काही ठिकाणी जाण्यास बंदी घालतात आणि दरड पडली की सिंहगडाचा घाटरस्ता बंद होतो. घाटरस्ता बंद असेल तर चालून झाल्यावर गडावरून खाली यायला गाडी मिळत नाही आणि थकलेल्या पायांनी पायथ्याच्या आतकरवाडीची पायवाट उतरावी लागते. ही शक्यता आधी माहीत असली तर पाणी आणि वेळ त्या बेताने राखता येतो.

तपासणी: आदल्या रात्री नऊ वाजता आणि निघण्यापूर्वी पहाटे, असा दोन वेळा अंदाज पाहिला का? इशारा वाढला असेल तर गट जमलेला आहे हे जाण्याचे कारण होऊ देऊ नये.

## २. पाय आणि बूट

उन्हाळ्यात दोन-तीन महिने बहुतेकांचे चालणे सुटलेले असते. निदान तीन आठवडे आधीपासून आठवड्यातून दोनदा वेताळ टेकडी, तळजाई किंवा पर्वती, जे घराजवळ असेल तिथे चढउतार सुरू करावा. पर्वतीला एकूण १०३ पायऱ्या आहेत. त्या पाठीवर चार किलो वजन घेऊन सलग पाच-सहा वेळा चढता-उतरता आल्या, तर गुडघे या वाटेच्या उताराला तयार झाले असे समजावे. उतरणे टाळून चढण्याचाच सराव करणारे या धारेवर चौथ्या-पाचव्या टेकडीनंतर गुडघा धरून बसतात.

बूट नवे घेतले असतील तर ते निदान ३० किलोमीटर चाललेले असावेत. तळव्याचे दात अंगठ्याने दाबून पाहावेत. झिजून गुळगुळीत झाले असतील तर ते बूट भाजी आणायला ठीक, मुरमावर उपयोगाचे नाहीत. वर्षभर कपाटात पडून राहिलेल्या बुटाचा तळ डिंक सुकल्यामुळे अर्ध्या वाटेत सुटतो, म्हणून घरीच बूट हातात घेऊन दोन्ही टोकांना वाकवून पाहावा. पायाची नखे दोन दिवस आधी कापावीत. त्याच दिवशी कापली तर कोपरे दुखतात आणि वाढलेली ठेवली तर उतारावर अंगठा काळा-निळा होतो.

## ३. पाणी, खाणे आणि पाठपिशवी

इशारा: जुन्या बोगद्याजवळचे वाघजाईचे देऊळ सोडल्यापासून घाटरस्त्याला लागेपर्यंत या धारेवर भरवशाचे पाणी नाही. टपऱ्या नाहीत, विहीर नाही आणि जूनच्या सुरुवातीला ओढाही वाहत नसतो.

माणशी चार लिटर पाणी न्यावे. हा आकडा ऐकून नवखे लोक तीनवर येतात आणि मग दोनवर. एका जूनमध्ये सातव्या टेकडीच्या माथ्यावर मला कॉलेजातल्या पाच मुलांचा गट भेटला. सकाळचे सव्वादहा वाजले होते आणि पाचांत मिळून अर्धी बाटली उरली होती. त्यातल्या एका मुलाचे ओठ पांढरे पडले होते, तो बसल्या जागी बुटाची नाडी सोडत होता आणि पुन्हा बांधत होता, आणि आपण हे का करतो आहोत ते त्याला सांगता येत नव्हते. आमच्याकडचे पाणी देऊन, त्याच्या मानेवर ओला पंचा ठेवून आम्ही त्या सर्वांना जवळच्या खिंडीतून खाली उतरवले. ती मुले धडधाकट होती आणि त्यांनी घरून एकेक लिटरची बाटली भरून आणली होती. कमी पडले ते एवढेच.

पाणी एकाच मोठ्या बाटलीत न ठेवता एकेक लिटरच्या चार बाटल्यांत ठेवावे, म्हणजे एक संपली की किती वाट झाली याच्याशी ताळा जुळवता येतो. एका बाटलीत मीठ-साखर-लिंबाचे सरबत करून घ्यावे. ओआरएसची पुडी नेल्यास तिच्यावर लिहिलेल्या मापानेच, म्हणजे एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने किंवा पूर्ण पुडी एका पेल्यात, या दोन्ही रीती चुकीच्या आहेत. तहान लागण्याची वाट न पाहता दर २० मिनिटांनी तीन-चार घोट घ्यावेत.

खाणे कोरडे आणि खारट-गोड असे मिसळून असावे: दशमी, तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळपापडी, शेंगदाण्याची चिक्की, खजूर. वेफर्स आणि फरसाण तहान वाढवतात. दहीभात उन्हात दोन तासांत आंबतो. पहाटे निघण्यापूर्वी घरी काहीतरी पोटात जायलाच हवे. बोगद्यापाशी वडापाव खाऊ असे ठरवणाऱ्यांचा अर्धा तास तिथेच जातो.

पाठपिशवीत आणखी काय असावे ते सांगतो. पाठपिशवीच्या आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी घालावी आणि सगळे सामान तिच्यात भरावे, कारण बाहेरून घालायचे आवरण धारेवरच्या वाऱ्याने उडते. अंगात पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा सदरा आणि सैल विजार असावी; जीन्स भिजली की मांडीला चिकटते आणि मोठे पाऊल टाकता येत नाही. डोक्याला कडा असलेली टोपी. पावसासाठी रेनकोट, छत्री आणू नये, कारण वाऱ्यात ती सांभाळताना हात अडकतो आणि विजेच्या वेळी ती उंच धरलेली धातूची दांडी ठरते. कोरडे मोजे, सुती पंचा, क्रेप बँडेज, रोजच्या गोळ्या, शिट्टी आणि डोक्याला लावायची विजेरी. दिवसाच्या चालीला विजेरी कशाला, असा प्रश्न दरवेळी येतो. ज्यांना अंधारात खाली आणावे लागते ते सगळे दिवसाच्याच चालीला निघालेले असतात.

तपासणी: भरलेली पाठपिशवी घरच्या काट्यावर ठेवावी. पाण्यासह ती सहा-साडेसहा किलोच्या पुढे जात असेल तर पाणी सोडून बाकी काय काढता येते ते पाहावे.

## ४. वेळेचा हिशेब आणि घरी ठेवायची चिठ्ठी

सपाट रस्त्यावर माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो, म्हणून १४ किलोमीटरला तीन तास, हा हिशेब या वाटेवर सर्वांत मोठी फसवणूक करतो. या धारेवर टेकड्यांमागून टेकड्या आहेत. कुणी तेरा मोजतात, कुणी चौदा. मोजणी कुठल्या उंचवट्याला टेकडी म्हणावे यावर अवलंबून आहे. प्रत्येक टेकडीला खडा चढ, मग घसाऱ्याचा उतार, मग खिंड, असा क्रम आहे. उताराला चढापेक्षा अधिक वेळ लागतो, कारण मुरमावरून गटातल्या एकेकाला सांभाळून उतरावे लागते. थांबे धरून तासाला दोन किलोमीटर हाच खरा वेग समजावा. म्हणजे सात तास होतात.

जूनच्या मध्यात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सातनंतर मावळतो. आपल्याला मावळतीपर्यंतची वेळ मोजायची नाही. वळवाचे ढग बहुधा दुपारी दोननंतर फुटतात, म्हणून एक वाजता धार सुटलेली असली पाहिजे. एकमधून सात तास वजा केले की पहाटेचे सहा येतात. बोगद्यापाशी सहा वाजता पहिले पाऊल पडायला हवे. ‘सहाला भेटू’ याचा अर्थ तसा होत नाही, म्हणून भेटण्याची वेळ सव्वापाच सांगावी.

याच हिशेबातून दोन वेळा कागदावर लिहून ठेवाव्यात. साडेनऊ वाजेपर्यंत निम्मी वाट झालेली असली पाहिजे. अकरा वाजताही निम्मी झाली नसेल तर पुढच्या खिंडीतून खाली उतरायचे. हा निर्णय घरी, पंख्याखाली बसून घेतलेला असावा, कारण धारेवर समोर सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसत असताना कुणीही तो घेत नाही.

घरी राहणाऱ्या एका व्यक्तीकडे चिठ्ठी ठेवावी: कुठून कुठे, कोण कोण, कोणाचा फोन, कोणत्या वेळेपर्यंत निरोप येईल आणि तो न आल्यास किती वाजता मदत मागायची. आपत्कालीन क्रमांक ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ चिठ्ठीत लिहावेत. डोंगरात अडकलेल्यांसाठी महाराष्ट्र माउंटेनीअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर काम करते. त्याचा मदतक्रमांकही शोधून फोनमध्ये आणि चिठ्ठीत घालून ठेवावा.

## ५. जुना बोगदा ते वाघजाई

स्वारगेटकडून येताना बस जुन्या घाटाने जाते का, हे चढण्यापूर्वी वाहकाला विचारावे. महामार्गाच्या नव्या बोगद्यातून जाणारी गाडी इथे थांबत नाही आणि ती आपल्याला डोंगरापलीकडे नेऊन सोडते. स्वतःची दुचाकी बोगद्यापाशी लावणे टाळलेले बरे, कारण शेवटी आपण सिंहगडावर असतो आणि गाडी इकडच्या टोकाला असते.

बोगद्याच्या बाजूने वाघजाईच्या देवळाकडे चढणारी वाट ठळक आहे. देवळापाशी दहा मिनिटे थांबून पुढील गोष्टी कराव्यात: नाड्या पुन्हा बांधाव्यात, पहिली अर्धी बाटली प्यावी, फोनवर ऑफलाइन नकाशा आणि वाटेची रेघ उघडते का ते पाहावे आणि मग फोन विमान अवस्थेत टाकावा. त्या अवस्थेतही उपग्रहावरून स्थान कळते आणि बॅटरी टिकते. गटात सर्वांत पुढे कोण आणि सर्वांत मागे कोण हे इथे ठरवावे. मागचा माणूस वाट माहीत असलेला असावा. सर्वांत सावकाश चालणारा पुढून दुसरा चालतो आणि त्याचा वेग तोच गटाचा वेग होतो.

तपासणी: पहिल्या चढालाच कुणाला मळमळत असेल किंवा धाप थांबत नसेल, तर त्याला एका सोबत्यासह इथूनच परत पाठवावे. इथून खाली रस्ता जवळ आहे; तीन टेकड्यांनंतर तसे राहत नाही.

## ६. चढ

चढाला पावले लहान आणि सारखी ठेवावीत. बोलता येईल इतकाच वेग असावा. तासाला एकदा पाच मिनिटे थांबावे आणि ते टेकडीच्या माथ्यावर, वारा असतो तिथे. खिंडीत हवा कोंडलेली असते. कडेच्या वाळलेल्या गवताला धरून वर ओढून घेण्याची सवय अनेकांना असते. जळालेल्या गवताची बुडखी मुळासकट हातात येतात, तेव्हा त्यांच्यावर भार टाकू नये.

दगडावर हात ठेवण्यापूर्वी आणि बसण्यापूर्वी जागा पाहावी. पहिल्या सरींनंतर फुरसे आणि विंचू दगडाखालून बाहेर येतात. फुरसे लहान आणि मातीच्याच रंगाचे असते, चटकन दिसत नाही. दंश झालाच तर जागा कापू नये, चोखू नये, घट्ट पट्टी आवळू नये. तो अवयव फळीसारखा स्थिर बांधून, माणसाला शक्य तितके कमी चालवून, लवकरात लवकर सर्पदंशाची लस मिळणाऱ्या रुग्णालयात न्यावे.

## ७. घसाऱ्यावरून उतरणे

या वाटेवरचे बहुतेक मुरगळलेले घोटे आणि सोललेले तळवे उतारावरचे असतात आणि त्यातला मोठा भाग जूनच्या सुरुवातीचा असतो. याचे कारण जमिनीत आहे. उन्हाळाभर तापून सुटा झालेला मुरूम कडक जमिनीवर बाजरीच्या दाण्यांसारखा पसरलेला असतो. पहिल्या एक-दोन सरींनी तो बसत नाही. वरचा पापुद्रा ओला आणि खालचे दाणे कोरडे, अशी स्थिती होते. पाय ओल्यावर टेकतो आणि कोरड्यावरून सरकतो. जिथे वणवा लागून गेला आहे तिथे राखेचा काळा थर ओला झाला की साबणासारखा होतो. पावसाळा मुरल्यावर, गवताची मुळे धरल्यावर, हाच उतार बराच सोपा असतो.

उतरण्याची रीत अशी:

१. उताराच्या वर थांबून आधी पूर्ण वाट नजरेने पाहावी: कुठे पक्का कातळ आहे, कुठे झुडूप आहे, कुठे वळायचे आहे.

२. एका वेळी एकानेच उतरावे. खालचा माणूस बाजूला सरकून ‘या’ म्हणेपर्यंत वरच्याने पाऊल टाकू नये. एकाच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या घोट्यावर बसतो. दगड सुटलाच तर ‘दगड!’ असे मोठ्याने ओरडावे.

३. गुडघे किंचित वाकवून, नाकाची रेघ बुटाच्या टोकावर ठेवून उतरावे. भीतीने माणूस मागे झुकतो आणि मागे झुकल्यामुळेच पाय पुढे निसटतो. सुट्या मुरमात टाच रोवावी. कडक जमिनीवर दाण्यांचा पातळ थर असेल तर पूर्ण तळवा टेकावा.

४. फार खडा उतार असेल तर शरीर आडवे करून, एक खांदा उताराकडे ठेवून, पाऊल पावलाशेजारी आणत उतरावे. दर वीस पावलांनी बाजू बदलावी, नाहीतर एकाच गुडघ्यावर सगळा भार येतो.

५. काठी असेल तर ती खालच्या बाजूला टेकावी आणि तिच्या फासात मनगट अडकवू नये.

बसून घसरत उतरणे ही या वाटेवरची सर्वाधिक लाडकी चूक आहे. बसलेल्या माणसाला वेग थांबवता येत नाही, विजार फाटते, तळहातात खडे रुततात आणि वाटेवरचा उरलासुरला मुरूम सुटून मागच्यांसाठी उतार आणखी वाईट होतो. हातमोजे नेले तर तळहात वाचतात. बागकामाचे स्वस्त मोजेही चालतात.

इशारा: उतारावर पळू नये. समोरचा पळाला म्हणून आपणही पळावे असे विशेषतः दोन टेकड्यांमधल्या खिंडीपाशी वाटते, कारण पुढचा चढ त्या वेगात चढून जाऊ असा समज असतो. तसे कधी होत नाही.

## ८. वाट राखणे

धार मुख्यतः पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. म्हणजे सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि आपली सावली पुढे पडते. सकाळी आठ वाजता सावली डाव्या किंवा उजव्या हाताला फार वेळ पडत असेल, तर आपण मूळ धार सोडून एखाद्या सोंडेवर उतरू लागलो आहोत. सिंहगडावरचा दूरदर्शनचा उंच मनोरा स्वच्छ हवेत बहुतेक माथ्यांवरून दिसतो. प्रत्येक माथ्यावर तो शोधावा आणि त्याच्याकडे जाणारी धार कोणती ते नजरेने जोडून घ्यावे.

चूक बहुधा ढोरवाटेने होते. चढ समोर आला की त्याला वळसा घालणारी, सपाट आणि चांगली मळलेली वाट बाजूने निघते आणि दमलेला माणूस तिच्यावर वळतो. अशा काही वाटा खरोखरच टेकडी टाळून पुढच्या खिंडीत नेतात, पण बऱ्याच गुरांच्या असतात आणि चराईपाशी किंवा पाणवठ्यापाशी विरून जातात. मी स्वतः अशाच एका वाटेने उतरत गेलो होतो. वाट करवंदीच्या जाळीत संपली आणि परत धारेवर यायला दीड तास आणि एक लिटर पाणी गेले. तेव्हापासून माझा नियम असा: बाजूच्या वाटेवर दहा मिनिटे चालून ती उतरतच राहिली, तर जिथून फुटलो तिथे परत जायचे. आडवे कापून धारेवर चढण्याचा प्रयत्न करू नये, कारण मधल्या उतारावर कडे आणि काटेरी जाळ्या लागतात.

ढग धारेवर उतरले आणि वीस पावलांपलीकडे दिसेनासे झाले तर गट एकत्र करावा, दर माथ्यावर नकाशातले स्थान पाहावे आणि पुढे-मागे शिट्टीने हाक द्यावी. अडकल्याची खूण म्हणून मिनिटभरात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा, अशी रीत सर्वत्र ओळखली जाते.

## ९. विजा

या धारेवर झाडी विरळ आहे. माथ्यावर उभा असलेला माणूस हाच आसपासचा सर्वांत उंच बिंदू असतो. त्यामुळे विजेच्या बाबतीत ‘बघू, जवळ आली की ठरवू’ हे धोरण इथे चालत नाही.

एक गोष्ट फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. वळवाचे ढग पुण्यावर बहुधा पूर्व-आग्नेयेकडून येतात आणि सिंहगडाकडे चालणाऱ्याची त्या दिशेला पाठ असते. समोर आभाळ निळे असते आणि मागे सासवडच्या अंगाला ढगाचे काळे बूड तयार झालेले असते. म्हणून प्रत्येक माथ्यावर मागे वळून आभाळ पाहावे. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे उभे वाढणारे ढग आणि त्यांचा माथा ऐरणीसारखा पसरू लागणे ही पहिली खूण. उकाड्यात अचानक थंड वाऱ्याचा झोत येणे ही दुसरी. दुसरी खूण आली की हाती थोडीच मिनिटे असतात.

चमक आणि गडगडाट यांतले सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर आणि पुढची वीज तेवढ्या अंतरावर सहज पडू शकते. मोकळ्या धारेवर मात्र आकडेमोड करत थांबू नये. गडगडाट ऐकू आला की धार सोडायची. शक्यतो जवळच्या खिंडीत उतरून तिथून एका अंगाला खाली जावे. एकट्या झाडाखाली, विजेच्या मनोऱ्याजवळ किंवा उथळ कपारीत आसरा घेऊ नये. उतरता येणेच शक्य नसेल तर एकमेकांपासून निदान पंधरा-वीस पावले दूर, पाठपिशवीवर, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. धातूची काठी बाजूला ठेवावी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत वर चढू नये.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो आणि श्वास किंवा नाडी थांबली असेल तर छातीवर दाब देणे ताबडतोब सुरू करावे. घाबरून दूर उभे राहण्यात वाचू शकणारा माणूस जातो.

## १०. मधूनच उतरणे

माघार म्हणजे आल्या वाटेने परत फिरणे, असे समजल्यामुळे पुष्कळ लोक माघार घेत नाहीत. पाच टेकड्या झाल्यावर मागे पुन्हा पाच असतात, हे खरेच आहे. पण या धारेच्या दोन्ही अंगांना वस्ती आहे. सुरुवातीच्या भागात उत्तरेला जांभूळवाडी, कोळेवाडीचा परिसर येतो. दक्षिणेला शिवगंगेचे खोरे आहे आणि पुढच्या भागात त्या बाजूला कोंढणपूर आणि कल्याण ही गावे लागतात. खिंडीतून खाली जाणारी मळलेली पायवाट निवडावी. ओढ्याच्या पात्रातून उतरू नये. ते सोपे दिसते, पण मध्येच धबधब्याचा कोरडा कडा येतो आणि वर पाऊस झाला तर पाणी अचानक उतरते. शेतात माणूस दिसला की वाट विचारावी. ‘दादा, रस्त्याला कुठून निघू?’ एवढे विचारले तर माणसे बांधापर्यंत येऊन वाट दाखवतात.

कुणाला घाम यायचा थांबला, बोलण्यात असंबद्धपणा आला किंवा पावले अडखळू लागली, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत घेऊन मान, काखा आणि जांघा ओल्या कराव्यात, वारा घालावा आणि मदत मागवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

## ११. शेवटचा टप्पा आणि परत

शेवटच्या टेकड्यांना मनोरा हाताशी आल्यासारखा दिसतो आणि गट फुटतो. पुढचे चारजण घाटरस्त्याला लागून ताक पीत बसतात आणि मागचे दोघे त्याच वेळी शेवटच्या घसाऱ्यावर एकटे असतात. वाघजाईपाशी ठरवलेला शेवटचा माणूस डांबरावर येईपर्यंत क्रम मोडू नये.

वाट घाटरस्त्याला मिळते. तिथून गडाचा वाहनतळ रस्त्याने वर आहे. वळणांवर गाड्या वेगात येतात, म्हणून उजव्या कडेने, एकामागे एक चालावे. दमलेल्यांनी गड पाहण्याचा हट्ट त्याच दिवशी धरू नये. पायात गोळे आले असताना तटबंदीच्या निसरड्या कडेला जाणे टाळावे. वाहनतळावरून पायथ्याकडे जीपगाड्या मिळतात आणि पायथ्यापासून शहरात पीएमपीएमएलची बस आहे. परतीची शेवटची बस किती वाजता सुटते ते आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.

जीपमध्ये बसण्यापूर्वी माणसे मोजावीत आणि चिठ्ठी ज्यांच्याकडे ठेवली आहे त्यांना फोन करावा. नेटवर्क नसेल तर पायथ्याला उतरताच पहिला फोन तोच असावा, कारण ठरलेली वेळ टळली की तिकडे कुणीतरी ११२ फिरवणार असते.